उसना मामा

मन्नारगुडीच्या बसस्टँडवर कामाक्षीबाई चेन्नईच्या गाडीत चढल्या, तेव्हा कंडक्टरनं त्यांना मागची सीट दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि ड्रायव्हरच्या मागची, खिडकीजवळची, आपल्याला हवी ती सीट धरून बसल्या. कंडक्टर एके काळी त्यांच्याकडे हिंदीच्या पहिल्या परीक्षेला दोनदा बसून दोनदा आपटलेला. त्यानं मुकाट्यानं तिकीट फाडलं.

सामान म्हणाल तर पाण्यानं भरलेला पितळी कूजा, केळीच्या पानात बांधलेला दहीभात आणि एक कापडी पिशवी. पिशवीत एक बरंसं लुगडं आणि एक लाल पेन्सिल. मुलीचं स्थळ बघायला निघालेल्या बाईला लाल पेन्सिल कशाला लागते, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. पण अठ्ठावीस वर्षं घरच्या ओटीवर मुलांना हिंदी शिकवणाऱ्या बाईच्या पिशवीत ती असायचीच. ती नसली की त्यांना चष्मा विसरल्यासारखं वाटे.

सन दोन हजार सहा. पोंगल नुकताच झाला होता. मुलगी सहाना श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात इंजिनिअर, वय सव्वीस. तिथंच जवळ मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत अनिकेत नावाचा साताऱ्याचा मुलगा होता. दोघांचं दोन वर्षांपासून ठरलं होतं. आता त्याचे आईवडील साताऱ्याहून चेन्नईला येऊन राहिले होते आणि त्यांना मुलीच्या आईला भेटायचं होतं. थोरला मुलगा वेंकट चेन्नईतच विम्याच्या ऑफिसात. त्यानं फोनवर सांगितलं होतं, "एक दिवस आधी ये अम्मा. तुझ्याशी थोडं बोलायचंय." स्वतःच्या मुलानं आईशी बोलण्यासाठी एक अख्खा दिवस मागून घ्यावा, याचा कामाक्षीबाईंना तेव्हाच वास आला होता.

आता इथं एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच घडलं. कामाक्षीबाईंचं लग्न त्यांच्या सख्ख्या मामाशी झालं होतं. आई अंबुजा घरात थोरली, आणि तिचा सगळ्यात धाकटा भाऊ सुब्बाराव कामाक्षीबाईंपेक्षा सात वर्षांनी मोठा. तंजावूरकडच्या मराठी घरांत याचं कुणाला काही वाटत नसे. आजूबाजूच्या तमिळ घरांत थोरल्या बहिणीची मुलगी धाकट्या भावाला द्यायची रीत. तीनशे वर्षं शेजारी राहून ती मराठी घरांतही शिरली, जशी चिंच शिरली, केळीचं पान शिरलं आणि सकाळची कॉफी शिरली.

एकोणीसशे सदुसष्टमध्ये, एकोणीस वर्षांच्या असताना, त्यांचं लग्न लागलं. लग्नानंतर आठ दिवस त्या रडल्या. मामा नको म्हणून नव्हे, कॉलेज हवं होतं म्हणून. कुंभकोणमच्या कॉलेजचा फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता. नवव्या दिवशी सुब्बाराव पोस्टातली कारकुनी आटोपून घरी आले आणि त्यांच्यापुढे दुसराच एक फॉर्म ठेवला. हिंदीच्या परीक्षेचा. "कॉलेजचं मला झेपायचं नाहीं," ते म्हणाले, "पण हें घरीं बसून करतां येतं." आणि हे कधी, तर स्टेशनांच्या पाट्यांवरच्या हिंदी अक्षरांना लोक डांबर फासत होते तेव्हा! शेजारीपाजारी हसले, एकानं तर ओटीवर दगड टाकला. सुब्बारावांनी तो दगड उचलून दार उघडं ठेवायला वापरला. पुढं अठ्ठावीस वर्षं शिकवणीची मुलं त्याच दगडाशेजारून आत यायची. सुब्बाराव जाऊन आता चार वर्षं झाली होती. दगड होता तिथंच होता.

कोयंबेडूच्या स्टँडवर गाडी दुपारी पोचली. वेंकट घ्यायला आला होता. चेन्नई कामाक्षीबाईंना कधीच फारशी पटली नव्हती. एवढं मोठं शहर आणि प्यायला पाणी टँकरचं, हे त्यांना काही केल्या समजत नसे. तिथल्या माणसांची तमिळ त्यांच्या कानाला अर्धीमुर्धी चावून टाकल्यासारखी लागे. रिक्षावाल्यानं नंगनल्लूरचं, वेंकटच्या घरापर्यंतचं भाडं सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला आपल्या स्वच्छ तंजावुरी तमिळमध्ये, "तुझ्या आईनं तुला मोजायला कुठल्या शाळेत घातलं होतं?" असं विचारलं. वेंकट दुसरीकडे बघत उभा राहिला. आई चेन्नईला आली की त्याला दुसरीकडे बघायची सवयच लागली होती.

घरी कॉफी झाल्यावर वेंकटनं फाइलीतून एक कागद काढून पुढं केला. मुलीचा बायोडाटा. अनिकेतनं साताऱ्याकडच्या पद्धतीनं मराठीत छापून दिलेला नमुना, त्यात वेंकटनं माहिती भरलेली. नाव, शिक्षण, गोत्र, वडील, आई, आत्या, मामा, आजी. कामाक्षीबाईंनी चष्मा लावला, पेन्सिल काढली आणि दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले. मग पेन्सिल थांबली.

"आत्या: नाही," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "माझी अम्मा कोठें गेली? तुझ्या अप्पांची सख्खी बहीण ती."

"आजी म्हणून आहे ना तिचं नांव, खालीं," वेंकट म्हणाला.

"आजी तीच, आत्या तीच. एका माणसाला दोन नातीं असतां येत नाहींत का?"

कामाक्षीबाईंनी पुढची ओळ वाचली. "मामा: श्री. गुंडोराव, कुंभकोणम." त्यांनी चष्म्यावरून मुलाकडे पाहिलं. "हे कोण? मला भाऊ नाहीं. मी एकुलती एक. सहानाला मामा आला कोठून?"

"हेमलतेचे मामा ते," वेंकटनं बायकोकडे बघत सांगितलं. हेमलता घाईघाईनं कॉफीचे पेले उचलून आत गेली. "त्यांना विचारून घेतलंय. ते होय म्हणाले. नुसतं नांवापुरतं, अम्मा. मामाची जागा रिकामी दिसली की ते लोक आजोळ विचारतात, आजोळ विचारलं की सगळं बाहेर येतं."

"मामा उसना आणलास?"

"अय्यो अम्मा, समजून घे! आपल्याकडे कोणी विचारत नाहीं. पण हे सातारचे. त्यांच्याकडे मामा म्हणजे बाप. ऑफिसांत एकदा मी बोलून गेलों, अप्पा अम्माचे मामा होते म्हणून. उत्तरेकडचे दोघं होते. सहा महिने हसत होते माझ्यावर." बोलता बोलता त्याचे कान लाल झाले. तेहतीस वर्षांचा बाप्या, पण कान अजून शाळेतलेच.

कामाक्षीबाईंना रागही आला आणि पोराची कीवही. एवढी वर्षं हा मुलगा बापाचं नातं खिशात लपवून ऑफिसात जात होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. त्यांनी सहानाकडे पाहिलं. ती कारखान्यातून सुट्टी काढून आली होती आणि भिंतीला टेकून बसली होती.

"तुला ठाऊक होतं?"

सहाना खाली बघत म्हणाली, "एक दिवस, अम्मा. फक्त उद्याचा दिवस. मला अनिकेत हवाय."

झालं. यावर आई काय बोलणार? कामाक्षीबाईंनी पेन्सिल पिशवीत टाकली. "सरी, बरं," त्या म्हणाल्या. "मी आपणहून सांगणार नाहीं. पण मला खोटं बोलायला लावूं नका. ते मला येत नाहीं, आणि या वयांत शिकायचं नाहीं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कामाक्षीबाई, वेंकट आणि सहाना पोरूरला अनिकेतच्या फ्लॅटवर गेले. अनिकेतचे वडील शरदचंद्र वीज मंडळातून निवृत्त झालेले. उंच, बोलघेवडे, उत्साही गृहस्थ. आई कल्पना कमी बोलणाऱ्या, पण डोळ्यांनी सगळं टिपणाऱ्या. त्यांनी शिरा केला होता. कामाक्षीबाईंनी चहाला नको म्हटलं तेव्हा त्या काही न विचारता उठल्या आणि कॉफी करून घेऊन आल्या. कॉफी अगदीच पांचट होती, पण कामाक्षीबाईंनी ती शेवटपर्यंत प्यायली. बाई त्यांना आवडली होती.

शरदचंद्र मात्र हर्षून गेले होते. "बोला, बोला कामाक्षीताई! ऐकत राहावंसं वाटतं हो. 'जालं', 'कोठें', 'नाहीं'! अहो, आमच्या पणजोबांच्या पत्रांत वाचलेली भाषा ही. तीनशे वर्षं तुम्ही परमुलखात मराठी संस्कृती जशीच्या तशी जपलीत! आम्हाला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

कामाक्षीबाई हसल्या. मनात म्हणाल्या, परमुलूख कसला? माझ्या सात पिढ्या तिथंच दूधभात खाऊन वाढल्या. पण सहाना समोर बसली होती, म्हणून त्यांनी ते कॉफीबरोबर गिळलं.

बोलणं रंगत गेलं. लग्न चेन्नईत करायचं, गुरुजी साताऱ्याहून आणायचे, पंगत केळीच्या पानावर. वेंकटचे खांदे हळूहळू खाली आले. बायोडाटा टीपॉयवर पेल्याखाली पडला होता, त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. अजून अर्धा तास निघाला असता, तर सगळं सुखरूप पार पडलं असतं.

तेवढ्यात कल्पनाबाईंनी, अगदी निर्मळ मनानं, कौतुकानं विचारलं, "आमच्याकडे हो, मुलीला मामाच बोहल्यावर घेऊन येतो. माझे मामा माझ्या लग्नात इतके रडले होते, की त्यांनाच सावरावं लागलं. तुमच्याकडे आहे का तशी रीत? तुमच्या लग्नात तुमच्या मामांनीच आणलं असेल ना तुम्हाला?"

वेंकटनं टीपॉयवरच्या कागदाकडे पाहिलं. सहानानं मान वर केली. उत्तर सोपं होतं. नुसतं "हो" म्हणायचं. एका अक्षराचं काम. किंवा हसून "अय्यो, किती वर्षं जालीं त्याला," म्हणायचं आणि शिऱ्याचं कौतुक करायचं.

कामाक्षीबाईंच्या डोळ्यांपुढं तो अंतरपाट आला. पांढरा, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. त्याच्याखालून पलीकडची पावलं दिसत होती. उजव्या अंगठ्यावर जखमेची खूण, लहानपणी कामाक्षीला विहिरीतली बादली काढून देताना झालेली. ती पावलं ओळखीची होती म्हणूनच त्या दिवशी त्या पळून गेल्या नव्हत्या. आणि आता त्या पावलांना म्हणायचं, तुम्ही नव्हताच तिथं? तुमच्या जागी गुंडोराव?

"माझे मामा बोहल्यावरच होते," कामाक्षीबाई म्हणाल्या. "अंतरपाटाच्या पलीकडे."

कल्पनाबाईंना आधी कळलंच नाही. शरदचंद्रांना कळलं. त्यांचा हसरा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू गेलं.

"म्हणजे..."

"म्हणजे माझं लग्न माझ्या मामांशीं जालं. सहानाचे अप्पा ते माझ्या आईचे सख्खे धाकटे भाऊ. त्या कागदावर गुंडोराव म्हणून लिहिलेत ते कोणी नव्हेत. सहानाला मामा नाहीं."

"अम्मा!" वेंकट म्हणाला.

शरदचंद्रांनी पेला बाजूला करून बायोडाटा उचलला, वाचला आणि परत ठेवला. मग अनिकेतला विचारलं, "तुला माहीत होतं हे?"

अनिकेत एवढा वेळ शिऱ्याच्या ताटल्या गोळा करत होता. तो तसाच ताटल्या हातात घेऊन उभा राहिला. "हो," तो म्हणाला. "सहानानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं."

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस."

"नाही."

कामाक्षीबाईंना त्या क्षणी सगळ्यांचीच मनापासून चीड आली. हा शिकलेला मुलगा लपवतो, माझा मुलगा लपवतो, माझी मुलगी एक दिवस मागते. चार वर्षांमागे मेलेल्या भल्या माणसाला घराबाहेर उभं करून ही सगळी तरुण मंडळी आत शिरा खात होती.

"मी जुन्या विचारांचा नाही," शरदचंद्र सावकाश म्हणाले, "पण सख्खा मामा? ताई, तीनशे वर्षं तुम्ही सगळं जपलंत, आणि हे..."

"तीनशे वर्षं माणसं राहिलीं तिथं, शरदराव," कामाक्षीबाई म्हणाल्या. "लोणचं नाहीं घातलं कोणी. बरणींत ठेवून झांकण लावलं असतं तर राहिलों असतों तुमच्यासारखेच. माझं 'जालं' ऐकून तुम्हीं खूश होतां, तें 'जालं' ज्या घरांत मी शिकलें, त्याच घरांत माझं लग्नही ठरलं. अर्धं घर घ्याल आणि अर्धं नको म्हणाल, असं कसं?"

शरदचंद्र टीपॉयवरच्या कागदाची घडी घालू लागले. कल्पनाबाई मात्र आता नीट सावरून बसल्या होत्या. त्यांनी हलक्या आवाजात, पण सरळ विचारलं, "मुलांना काही... काही त्रास झाला नाही ना? रागावू नका. आई म्हणून विचारतेय."

"रागावणार नाहीं. हें विचारायलाच हवं." कामाक्षीबाईंचा आवाज पहिल्यांदा थोडा खाली आला. "वेंकट आणि सहाना यांच्यामध्यें एक मुलगा जाला होता. एकवीस दिवस राहिला. डॉक्टर म्हणाले, नात्यांतल्या लग्नामुळें असेल, नसेलही. मी तुम्हांला नसेलच म्हणून सांगणार नाहीं. सहानासाठीं नात्यांतलं एक स्थळ आलं होतं, तें मी दारांतून परत पाठवलं. ती रीत माझ्यापाशीं संपली, मीच संपवली. पण संपवणं वेगळं आणि लाज धरणं वेगळं. माझ्या माणसाची लाज मी धरणार नाहीं. तुमच्यासाठीं नाहीं, माझ्या मुलांसाठींसुद्धां नाहीं."

हे बोलून त्या उठल्याच. शरदचंद्र म्हणाले, "आम्ही विचार करून कळवतो." या वाक्याचा अर्थ साताऱ्यात आणि मन्नारगुडीत एकच होतो. वेंकटनं पायांत चपला घातल्या त्या उलट्या. मग सहाना उभी राहिली आणि अनिकेतला, सगळ्यांसमोर, मराठीत म्हणाली, "माझ्या अप्पांना लपवावं लागेल त्या घरांत मी येणार नाहीं. काल मी होय म्हणालें होतें. ती माझी चूक." एरवी ती त्याच्याशी इंग्रजीत बोले. अनिकेतनं हातातल्या ताटल्या खाली ठेवल्या.

लिफ्टपर्यंत कल्पनाबाई एकट्याच आल्या. वेंकट आणि सहाना जिन्यानं खाली गेले होते. वेंकटला आईबरोबर त्या एवढ्याशा पेटीत उभं राहायचं नव्हतं. कामाक्षीबाईंनी लिफ्टचं बटण दाबलं. मग कल्पनाबाईंनी विचारलं, "चांगले होते का हो ते तुमच्याशी?"

कामाक्षीबाई चमकल्या. एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. नात्यातले लोक म्हणत, घरातलाच मुलगा, चांगला असणारच. बाहेरचे लोक नातं ऐकूनच तोंड फिरवत. मधला प्रश्न राहूनच गेला होता.

"हिंदीची परीक्षा द्यायला मला कुंभकोणमला नेत," त्या म्हणाल्या. "मी आंत पेपर लिहीत असे, ते बाहेर झाडाखालीं बसत. चार चार तास. दहीभाताचा डबा मांडीवर. मी बाहेर आलें कीं आधीं विचारत, पेपर कसा गेला. जेवलीस का, हें मागून. आठ परीक्षा दिल्या मी. आठही वेळां पेपर आधीं, भात मागून." त्यांनी पदर सारखा केला. "मी रडलें होतें लग्नानंतर. आठ दिवस. तेंही खरं आहे. तेंही सांगतें."

लिफ्ट आली. कल्पनाबाईही लिफ्टमध्ये शिरल्या आणि खालच्या फाटकापर्यंत, उन्हात, सोबत चालत आल्या.

टॅक्सीत वेंकट फुटला. "वाटोळं केलंस तिचं! एक शब्द, अम्मा. एक 'हो' म्हणायचं होतं!"

"आज एक 'हो'," कामाक्षीबाई म्हणाल्या, "उद्यां लग्नांत गुंडोराव. परवां बाळंतपणांत गुंडोराव. नातवंडांना कोणाचा फोटो दाखवायचा होता, वेंकट?"

"अण्णा, गप्प बस," सहाना म्हणाली. ती रडत होती, आणि रडता रडता तिनं आईचा हात धरून ठेवला होता. पूनमल्ली रस्त्यावर कारखान्यांच्या बसगाड्या एकामागून एक जात होत्या, प्रत्येक काचेवर कंपनीचं नाव. कामाक्षीबाईंना पहिल्यांदाच भीती वाटली. उद्यापासून या पोरीला याच रस्त्यानं, त्याच कारखान्यात, तो मुलगा तिथं शेजारीच असताना जायचं होतं. आपण तिचं सुख आपल्या हट्टापायी दिलं का? मन्नारगुडीपर्यंतच्या परतीच्या प्रवासात त्यांनी हा प्रश्न स्वतःला पुन्हा पुन्हा विचारला. खरं उत्तर एकच येत होतं, की हो, कदाचित दिलं. आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा देईन. त्यांना त्याचं वाईट वाटलं. पण पश्चात्ताप मात्र झाला नाही.

बारा दिवसांनी फोन वाजला.

"मी कल्पना. फोन मी करतेय, ह्यांनी सांगितलं म्हणून नाही," पलीकडून आवाज आला. "आमच्या डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, या दोघांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही, मग काळजीचं कारण काय? ह्यांनी आठ दिवस तोंड उघडलं नाही. अनिकेत सुट्टी काढून इकडे साताऱ्याला आला, आणि घरोघर जाऊन स्वतः सांगितलं सगळ्यांना. सहानाची अट होती म्हणे. थोरले दीर लग्नाला येणार नाहीत. त्यांचं ते बघतील." मग त्या म्हणाल्या, "तेवढा दुसरा बायोडाटा पाठवा, ताई. खरा."

कामाक्षीबाईंनी तो हातानं लिहिला, आपल्या वळणदार, फळ्यावरच्या अक्षरांत. वडील: कै. सुब्बाराव, मुलीच्या आईचे मामा. आत्या: अंबुजा, आजीही त्याच. मामा: नाही. लाल पेन्सिलीनं तपासला. एकही चूक निघाली नाही.

वैशाखात लग्न झालं. पोरूरच्या हॉलमध्ये सातारची ऐंशी माणसं, थोरल्या दिरांचं कुटुंब वगळून, आणि मन्नारगुडीची एक अख्खी बस. पुरुषांच्या रांगेत हेमलतेचे मामा गुंडोरावही होते, नवं धोतर नेसून, आपल्या नावाचं पुढं काय काय झालं याचा पत्ता नसलेले.

बोहल्यावर अनिकेत उभा होता. अंतरपाट धरला गेला. सातारच्या गुरुजींनी हात वर करून खणखणीत आवाजात सांगितलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

गुंडोराव आपलं काम आलं असं समजून, धोतर सावरत अर्धे उठले. कामाक्षीबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं वर्ग सांभाळलेली ती नजर होती. गुंडोराव बसले.

मग कामाक्षीबाईंनी सहानाचा दंड धरला आणि चालू लागल्या. सातारच्या बायकांत कुजबूज झाली. पांढऱ्या कपाळाची बाई, मुलीला बोहल्यावर आणतेय? शरदचंद्रांनी मान खाली घातली. कल्पनाबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुढच्या दोन खुर्च्या सरकवून वाट मोकळी करून दिली. गुरुजी गोंधळले. पुस्तकात बोट घालून त्यांनी विचारलं, "बाई, मुलीचे मामा कुठं आहेत?"

हॉलमध्ये दीडशे माणसं होती. शिकवताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तोच आवाज कामाक्षीबाईंनी काढला.

"मुलीला मामा नाहीं," त्या म्हणाल्या. "मला होते. त्यांच्या वतीनं मी आणतें."